घशातला स्ट्रेप, मूत्रपिंडाची सूज आणि सी३ चा न जुळणारा आलेख: पीएसजीएनचं सिम्युलेशन

गाळणी (मूळ धागा)

गट 'अ' स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग ओसरल्यावर मूत्रपिंडाला येणारी सूज, म्हणजे पोस्ट-स्ट्रेप्टोकॉकल ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (पुढे नुसतं पीएसजीएन). घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, पुळ्या किंवा चिघळलेल्या खरजेनंतर तीन ते सहा आठवडे सगळं शांत असतं. मग एका सकाळी डोळ्यांभोवती सूज, कोलाच्या रंगाची लघवी, चढलेला रक्तदाब. बहुतेक मुलं बरी होतात. सिम्युलेशनला हा आजार सोयीचा, कारण घटनांचा क्रम ठरलेला आहे आणि मॉडेल चुकलं की लगेच उघडं पडतं.

माझ्या मॉडेलमध्ये सात मुख्य चलं आहेत: जिवंत जंतू, सुटं प्रतिजन (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो जंतूचा अंश), अँटीबॉडी, ग्लोमेरुलसमध्ये (मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या केशिकांच्या गुच्छात) अडकलेला प्रतिजन-अँटीबॉडीचा साठा, प्लाझ्मातला सी३ (कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनसाखळीतलं मुख्य प्रथिन), ग्लोमेरुलसमध्ये शिरलेल्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या) पेशी आणि गाळणक्षमता (जीएफआर). पायथनमध्ये, सायपाय लायब्ररीच्या सॉल्व्ह-आयव्हीपी या समीकरणं सोडवणाऱ्या फंक्शनवर. प्रतिजन म्हणून स्पेबी (स्ट्रेप्टोकॉकसचं एक्झोटॉक्सिन बी) धरलंय. कॉम्प्लिमेंटच्या पर्यायी मार्गाच्या तेवढ्या सगळ्या पायऱ्या सुट्या लिहिल्यात.

शांत काळ जुळतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) चढउतारही बरा येतो. घोडं पेंड खातं ते सी३ वर. सी३ १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून ३६ पर्यंत खाली येतो, इथवर ठीक. पण साठा संपला की तीन दिवसांत ९० च्या (नॉर्मलच्या खालच्या मर्यादेच्या) वर. प्रत्यक्षात याला सहा ते आठ आठवडे लागतात. सी३ बनण्याचा वेग कमी करून पाहिला तर निरोगी अवस्थेतलाच सी३ खाली बसतो.

दुसरी अडचण, एक रन संपता संपत नाही. ५६ दिवसांचं गणित रात्रभर चालतं.

---

दशांशचिन्ह

आधी वेगाचं बोलू, कारण ते सोपं आहे.

पर्यायी मार्गाच्या सगळ्या पायऱ्या लिहिल्यात म्हणजे नुकताच फुटलेला सी३बी (सी३ चा तुकडा) पण सुटं चल म्हणून ठेवला असणार. त्याच्या थायोएस्टर बंधाचं (ज्याने तो पृष्ठभागाला चिकटतो) अर्धायुष्य सुमारे ६० मायक्रोसेकंद. आरके४५ (सॉल्व्ह-आयव्हीपीची डिफॉल्ट पद्धत) सारख्या सरळ पुढे चालणाऱ्या पद्धतीला स्थिर राहायला साधारण ०.०००२८ सेकंदाहून मोठं पाऊल टाकता येणार नाही. ५६ दिवस म्हणजे ४८ लाखांवर सेकंद. भागाकार करा, १७०० कोटी पावलं होतात. रात्रभरातही ते संपणार नाही, मध्येच काहीतरी अंदाजपंचे चाललंय.

दोन उपाय, दोन्ही करा. ताज्या सी३बीचं चल काढून टाका. तो किती बनतो आणि त्यातला किती अंश पृष्ठभागाला चिकटतो, किती पाण्याने निकामी होतो, हे गुणोत्तर पुरे. आणि सॉल्व्हर बीडीएफ किंवा एलएसओडीए घ्या. सी३ कन्व्हर्टेजचं (सी३बीबीबी, सी३ फोडणारं विकर) अर्धायुष्य दीड मिनिट, अँटीबॉडीचं तीन आठवडे. एवढी तफावत असलेल्या समीकरणांना 'स्टिफ' म्हणतात, आणि या पद्धती त्यांच्यासाठीच आहेत.

आता न दिसणारी चूक. एककं मोल प्रति लिटरमध्ये ठेवलीत का? सायपायची डिफॉल्ट निरपेक्ष सहनमर्यादा (याहून छोट्या चुकीकडे सॉल्व्हर दुर्लक्ष करतो) ०.०००००१ असते. फॅक्टर डी (पर्यायी मार्गातलं एक विकर) रक्तात सुमारे २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, रेणुभार २४,००० धरला तर ०.०८ मायक्रोमोल, म्हणजे ०.०००००००८ मोल. सॉल्व्हरच्या लेखी फॅक्टर डी असला काय आणि नसला काय, सारखंच! तो बेधडक ऋण जातो आणि कुठलीच एरर येत नाही. सगळं मायक्रोमोलमध्ये आणा आणि प्रत्येक चलाला स्वतंत्र सहनमर्यादा द्या. रूपांतरासाठी: सी३ १.२ ग्रॅम प्रति लिटर, रेणुभार १,८७,००० धरून ६.४ मायक्रोमोल. फॅक्टर बी (कन्व्हर्टेजचा एक घटक) ०.२ ग्रॅम प्रति लिटर, रेणुभार ९३,००० धरून साधारण २.१.

---

उणेअधिक

सी३ चं उत्तर कागदावरच निघतं, कोड उघडायची गरज नाही.

सी३ रोज बनतो आणि रोज संपतो. निरोगी माणसात प्लाझ्मातल्या साठ्यापैकी ताशी १ ते २ टक्के नष्ट होतो. १.५ टक्के धरू. म्हणजे कालस्थिरांक (१ भागिले वेग) ६७ तास, पावणेतीन दिवस. आजारातला जादा वापर एका क्षणी थांबला तर ३६ वरून ९० ला पोचायला सुमारे ६९ तास लागतात. तुमचे तीन दिवस तेच. तुमचा कोड बरोबर आहे, गृहीतक चुकलंय.

यकृत सी३ इतक्या वेगाने भरून काढत असेल आणि तरीही आठ आठवडे तो कमी राहत असेल, तर आठ आठवडे कोणीतरी तो खातंय. हे मॉडेलमध्ये असायलाच हवं.

आता किती खातंय ते काढू. स्थिर अवस्थेत सी३ नेहमीच्या ३० टक्के (३६ / १२०) असायला जादा वापर नैसर्गिक नाशाच्या २.३३ पट हवा. ७५ टक्क्यांवर (९०) यायला तो ०.३३ पट उरला पाहिजे. म्हणजे जादा वापर सातपट घटायला हवा. सातपट घट म्हणजे २.८१ अर्धायुष्यं. ४२ दिवसांत व्हायची तर अर्धायुष्य १५ दिवस, ५६ दिवसांत व्हायची तर २०. सी३ या घसरणीच्या दोनेक दिवस मागे चालतो, ते सोडून द्या.

१५ ते २० दिवस अर्धायुष्य असलेली कोणती वस्तू रक्तात असते? आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटीबॉडी. तिचं अर्धायुष्य २१ दिवसांच्या आसपास.

गंमत म्हणजे यात सी३ च्या नाशाचा वेग ताशी १ टक्का धरा किंवा २, सातचा आकडा हलत नाही. तो फक्त तळ, उंबरठा आणि मूळ पातळी या तिघांवर ठरतो.

---

काचपट्टी

उणेअधिक, छान. पॅथॉलॉजीच्या बाजूने याला आधार आहे. २०२० मध्ये फ्रान्समधल्या गटाने या आजाराच्या बहुसंख्य मुलांमध्ये फॅक्टर बी विरुद्धच्या अँटीबॉडी दाखवल्या. त्या तात्पुरत्या असतात आणि सी३ कन्व्हर्टेजची ताकद वाढवतात. दीड मिनिटात तुटणारं कन्व्हर्टेज जास्त टिकलं की तेवढ्या प्रमाणात जास्त सी३ फोडतं. कायम टिकणाऱ्या सी३ नेफ्रिटिक फॅक्टरची (कन्व्हर्टेजला टिकवून धरणाऱ्या अँटीबॉडीची) ही अल्पायुषी भावंडं म्हणा.

पण गाळणी, तुमच्या मॉडेलमध्ये त्याहून मोठी चूक आहे. साठ्यासाठी एकच चल ठेवलंय. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या आजाराची ओळख म्हणजे 'हंप': बेसमेंट मेंब्रेनच्या (केशिकेभोवतीच्या गाळणाऱ्या पडद्याच्या) बाहेरच्या अंगाला, पोडोसाइटच्या (त्या पडद्याला बाहेरून वेढणाऱ्या पेशींच्या) पायांखाली, उंटाच्या मदारीसारखे उंचवटे. न्यूट्रोफिल रक्तातून येतात. मेंब्रेनपलीकडच्या हंपपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. त्यांना ओढून आणतो तो आतल्या बाजूचा, म्हणजे एंडोथेलियमखालचा (केशिकेच्या अस्तराखालचा) आणि मेसॅंजियममधला (केशिकांमधल्या आधार देणाऱ्या भागातला) साठा. तो रक्ताच्या संपर्कात असतो, लवकर साफही होतो. हंप बाहेर बसून पोडोसाइटला त्रास देतात, त्यातून प्रथिनं गळतात.

म्हणून साठ्याचे दोन भाग करा.
आतला साठा: लवकर भरतो, लवकर रिकामा होतो, न्यूट्रोफिल आणि गाळणक्षमतेला जोडलेला.
बाहेरचा साठा: सावकाश भरतो, काही आठवड्यांत विरतो, प्रथिनगळतीला जोडलेला.

बाहेरचा साठा कसा भरतो, त्यातही खाच आहे. अख्खं प्रतिजन-अँटीबॉडी संकुल मेंब्रेनमधून पलीकडे जाणं अवघड. स्पेबी धनभारित आहे आणि मेंब्रेन हेपरान सल्फेटमुळे ऋणभारित, म्हणून प्रतिजन आधी एकटं तिथे चिकटतं. अँटीबॉडी मागून येऊन जागेवरच संकुल बनतं. संकुल रक्तात बनवून मग ढकलत असाल तर हंप येणारच नाहीत, किंवा ते आणायला अशक्य वेग भरावे लागतील.

इम्युनोफ्लुओरेसन्सशी (चमकत्या रंगाने बायॉप्सीतली प्रथिनं दाखवणाऱ्या तपासणीशी) ताडून पाहा. सुरुवातीच्या बायॉप्सीत आयजीजी आणि सी३ चे विखुरलेले कण, ज्याला 'तारांकित आकाश' म्हणतात. ओसरत्या काळात मुख्यतः मेसॅंजियममध्ये सी३, आयजीजी बरंचसं गेलेलं. भिंतीवर माळेसारखा दाट साठा असेल तर हंप भरपूर आणि प्रथिनगळतीही जोरात. मॉडेलमध्ये बाहेरचा साठा वाढवल्यावर हा तिसरा प्रकार आपोआप यायला हवा.

---

मिठाचा_खडा

काचपट्टीताईंच्या दोन कप्प्यांना क्लिनिकमधूनही दुजोरा. बरं होण्याचा क्रम असा: लघवी आठवडा-दीड आठवड्यात सुटते आणि सूज उतरते, क्रिएटिनिन तीन-चार आठवड्यांत जागेवर, सी३ सहा ते आठ आठवड्यांत, प्रथिनं त्यानंतर काही महिने, आणि सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या लाल पेशी वर्ष-दोन वर्षंही राहू शकतात.

म्हणजे जीएफआर सी३ च्या आधी सुधारतो. प्लाझ्मातल्या सी३ च्या वापराला थेट न्यूट्रोफिलशी जोडलंत, तर सी३ बरोबर आणताना मूत्रपिंड आठ आठवडे बंद पडेल. रक्तातला वापर (अँटीबॉडीमुळे, मंद) आणि ग्लोमेरुलसमधली इजा (आतल्या साठ्यामुळे, जलद) यांची समीकरणं वेगळी ठेवा.

सी४ (क्लासिकल मार्गात खर्च होणारं कॉम्प्लिमेंट प्रथिन) बघताय का? या आजारात सी३ पडतो, सी४ बहुधा नॉर्मल (१५ ते ४५) राहतो. संकुलाने क्लासिकल (अँटीबॉडीने सुरू होणारा) मार्ग जोरात सुरू केलात तर सी३ चा आलेख सुंदर येईल आणि सी४ पाचवर जाईल. तो मग ल्युपसचा (सी३ आणि सी४ दोन्ही पाडणाऱ्या आजाराचा) रुग्ण झाला.

---

गाळणी

दोन्ही साठे वेगळे करतो. सी४ मॉडेलमध्ये नव्हताच, घालतो.

गाळणक्षमतेबद्दल विचारायचं होतं. सध्या जीएफआर सरळ न्यूट्रोफिलच्या व्यस्त प्रमाणात ठेवलाय. चालेल?

---

मिठाचा_खडा

नाही चालणार. न्यूट्रोफिल आणि फुगलेल्या पेशी केशिकांचा गाळणारा पृष्ठभाग अडवतात, म्हणजे गाळण गुणांक घटतो. जीएफआर त्या प्रमाणात घटत नाही. का, ते आकड्यांत बघा.

प्रौढाचे पाठ्यपुस्तकी आकडे घेऊ: केशिकेतला दाब ६० मिमी पारा, बोमन कॅप्सूलमधला १८, मूत्रपिंडातून मिनिटाला ६२५ मिलि प्लाझ्मा, जीएफआर १२५. रक्तातली प्रथिनं ७.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर. प्रथिनांचा ओढदाब लँडिस-पापेनहायमर सूत्राने: २.१ गुणिले सांद्रता, अधिक ०.१६ गुणिले तिचा वर्ग, अधिक ०.००९ गुणिले तिचा घन. आत शिरताना २८ येतो. २० टक्के पाणी गाळून गेल्यावर प्रथिनं ९.२५ होतात आणि दाब ४०. सरासरी ३४. निव्वळ ढकलणारा दाब ८ च्या जरा खाली, म्हणून गुणांक १५.८.

आता गुणांक निम्मा, ७.९. पाणी कमी गाळलं जातं, म्हणून प्रथिनं कमी घट्ट होतात, ओढदाब कमी चढतो, निव्वळ दाब १०.५ होतो. जीएफआर ८३. निम्मा नाही, ६६ टक्के!

गुणांक पाव केला तर जीएफआर ४८, म्हणजे ३८ टक्के.

प्लाझ्माप्रवाह तितकाच ठेवलाय, त्यामुळे गाळल्या जाणाऱ्या अंशाचं प्रमाण २० टक्क्यांवरून ७.७ वर आलं. ही या आजाराची खूण आहे: प्रवाह फारसा न घटता गाळलेला अंश घसरतो. तुमच्या मॉडेलमध्ये प्रवाहही जीएफआरबरोबर पडत असेल तर तुम्ही निर्जलीकरण सिम्युलेट करताय.

सरासरी घेण्याऐवजी केशिकेच्या लांबीवर समीकरण सोडवलंत तर जास्त नेमकं. डीन, रॉबर्टसन आणि ब्रेनर यांनी १९७२ मध्ये उंदरांसाठी ते मांडलं होतं. पण इथे सरासरीने भागतं. दोन-तीन वेळा पुन्हापुन्हा काढलं की आकडा स्थिरावतो.

---

दशांशचिन्ह

पण मिठाचे खडे, हा हिशोब प्रौढाचा. रुग्ण ५ ते १२ वर्षांची मुलं.

---

मिठाचा_खडा

बरोबर. आकार बदला, सूत्र तेच. २० किलोचं, ११५ सेंमी उंचीचं मूल घ्या. शरीरपृष्ठ ०.८ चौरस मीटर, म्हणून जीएफआर मिनिटाला सुमारे ५५ मिलि, दिवसाला ८० लिटर. शरीरातलं पाणी १२ लिटर. क्रिएटिनिनचा कालस्थिरांक १२ भागिले ८०, साडेतीन तास. जीएफआर पाव झाला तर तो चौपट, साडेचौदा तास. म्हणजे क्रिएटिनिन नवी पातळी गाठायला दोन दिवस घेतो.

याचा उपयोग: श्वार्ट्झचं सूत्र (०.४१३ गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन) पातळी स्थिर असेल तेव्हाच खरं. ०.४ ला ११९ येतो, २.० ला २४. पण क्रिएटिनिन चढत असताना ते जीएफआर खऱ्याहून जास्त दाखवतं, उतरत असताना कमी. मॉडेलचा जीएफआर या सूत्राच्या आकड्यांवर बसवू नका. मॉडेलमधून क्रिएटिनिन काढा आणि तो मोजलेल्या क्रिएटिनिनशी जुळवा.

मीठ घातलंय का मॉडेलमध्ये? सूज आणि रक्तदाब त्यावरच आहेत. दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणजे ८५ मिलिमोल सोडियम. लघवीतून १५ च गेलं तर ७० अडकलं. १४० मिलिमोलमागे एक लिटर पाणी, म्हणून रोज अर्धा लिटर, वजनात अर्धा किलो. चार दिवसांत २० किलोचं मूल २२ चं. लोणचं-पापड बंद करायला सांगतात ते याचसाठी. लघवीतलं सोडियम फक्त जीएफआरला जोडलंत तर सूज कमी पडेल. नळीच्या शेवटच्या भागात सोडियम जास्त शोषलं जातं, त्याला वेगळा गुणक हवा. शरीरात पाणी तुंबल्यामुळे रेनिन (रक्तदाब वाढवणारं मूत्रपिंडातलं विकर) दबलेलं असतं, म्हणून रेनिन वाढवून रक्तदाब आणायचा मोह टाळा.

---

उणेअधिक

शांत काळाबद्दल कोणी बोललं नाही. गाळणी, अँटीबॉडीचा उशीर कसा घातलाय? 'दहा दिवसांपूर्वीचं प्रतिजन' म्हणून जुन्या ॲरेतून आकडा उचलताय का?

---

गाळणी

हो, तसंच.

---

उणेअधिक

मग ते आधी काढा. सॉल्व्ह-आयव्हीपी पाऊल टाकून बघतो, पसंत नसेल तर मागे घेतो. तुमचा फंक्शन मात्र त्या रद्द पावलाचाही आकडा ॲरेत लिहून बसतो. इतिहास नासतो आणि सहनमर्यादा बदलली की उत्तर बदलतं.

सोपा मार्ग साखळीचा. उशिराऐवजी एकामागे एक ९ कप्पे, प्रत्येकातून पुढे जायचा वेग दिवसाला ०.९. सरासरी उशीर १० दिवस, प्रमाण विचलन ३.३. घशासाठी हे चपखल. कातडीसाठी १६ कप्पे, सरासरी २८ दिवस, विचलन ७. सगळी साधी समीकरणं, बीडीएफ खूश.

पेनिसिलिनचा डोस 'जर-तर' ने घालू नका. सॉल्व्हर मोठं पाऊल टाकून डोसवरून उडी मारून जातो. डोसच्या क्षणी गणित थांबवा, चल बदला, तिथून पुन्हा सुरू करा.

---

काचपट्टी

पेनिसिलिनचा विषय निघालाच आहे तर ही एक कसोटी लावा. मॉडेलमध्ये तिसऱ्या दिवशी सगळे जंतू मारा. नेफ्रायटिस साफ नाहीसा झाला तर मॉडेल वाजवीपेक्षा आशावादी आहे. संधिवाताचा ताप नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन दिलं तर टळतो. पीएसजीएनबाबत तशी हमी नाही. साथीत पसरणं थांबवायला औषधाचा उपयोग होतो, ती गोष्ट निराळी. म्हणून प्रतिजनाचा उरलेला साठा जंतूंबरोबर लगेच शून्य होऊ देऊ नका.

आणि एएसओ टायटर (स्ट्रेप्टोलायसिन-ओ या स्ट्रेपच्या विषाविरुद्धच्या अँटीबॉडीचं प्रमाण) जुळवत असाल तर घशाचे आणि कातडीचे रुग्ण एकत्र करू नका. कातडीतलं कोलेस्टेरॉल स्ट्रेप्टोलायसिन-ओला निकामी करतं, त्यामुळे पुळ्यांनंतर एएसओ चढतच नाही बऱ्याचदा. तिथे अँटी-डीएनेज बी (स्ट्रेपच्या दुसऱ्या एका विकराविरुद्धची अँटीबॉडी) बघायचं. टायटर दुपटीत मोजतात, म्हणून फरक लॉगमध्ये घ्या, नाहीतर एक मोठा आकडा सगळ्या फिटला ओढून नेतो.

---

दशांशचिन्ह

एजंट-बेस्ड मॉडेल (प्रत्येक पेशी सुटी चालवणारं) करायचा विचार कोणी केलाय? नेटलोगो किंवा कॉम्प्यूसेल३डी मध्ये एकेक न्यूट्रोफिल फिरताना दिसेल.

---

काचपट्टी

दिसेल छान. एका ग्लोमेरुलससाठी, हंप कुठे बसतात हे विचारायचं असेल तर करावं. सी३ च्या आठ आठवड्यांसाठी नको.

---

उणेअधिक

सहमत. त्यापेक्षा पॅरामीटर कसे बसवायचे ते महत्त्वाचं. इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

एका मुलाचे सी३ चे तीन-चार आकडे असतात, मॉडेलमध्ये वीसेक पॅरामीटर. फिट हमखास बसतो, त्यातून कळत काहीच नाही. ठळक उदाहरण: सी३ कमी आहे, तो जास्त खाल्ला जातोय म्हणून की कमी बनतोय म्हणून? फक्त सी३ च्या आकड्यांवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत, समीकरणात दोघंही एकाच गुणोत्तरात येतात. वेगळे करायला तुटलेले तुकडे हवेत: बीबी, सी३डी किंवा विद्राव्य सी५बी-९. खाल्ला जात असेल तर तुकडे वाढतात, कमी बनत असेल तर वाढत नाहीत. आकडे नसतील तर निर्मितीचा वेग स्थिर धरलाय असं सरळ लिहा.

मूळ पातळीचीही तीच गत. आजारापूर्वी कोणी सी३ तपासत नाही. वर मी १२० धरला. १५० धरला तर जादा वापर ३.१७ पटीवरून ०.६७ पटीवर यायचा, म्हणजे पावणेपाचपट घट, सव्वादोन अर्धायुष्यं. १५ ते २० दिवसांच्या अर्धायुष्याने ३४ ते ४५ दिवस. संसर्गात सी३ चं उत्पादन तात्पुरतं वाढतंही, त्यामुळे १५० अशक्य नाही. मूळ पातळी प्रत्येक आभासी रुग्णाला वेगळी द्या, ९० ते १८० च्या पट्ट्यातून.

मॉडेलचं एक भाकीत यातून फुकटात मिळतं: तळ जितका खोल तितका परतीचा वेळ जास्त. तळ ५० टक्क्यांवर असेल तर घट फक्त तिप्पट हवी, २४ ते ३२ दिवस. खऱ्या रुग्णांत तळ आणि परतीचा काळ असे बांधलेले दिसले नाहीत, तर आयजीजीची कल्पना अपुरी आहे.

एकच 'सर्वोत्तम' संच शोधत बसू नका. प्रत्येक पॅरामीटर लॉग-नॉर्मल वितरणातून उचलून दहाएक हजार आभासी रुग्ण बनवा (लॅटिन हायपरक्यूबने, म्हणजे पट्टा समान भागांत वाटून नमुने घेतले की, कमी नमुन्यांत भागतं), सगळे चालवा, आणि चाळणी लावा. घशानंतरचा शांत काळ ७ ते २१ दिवस. सुरुवातीला सी३ ९० च्या खाली, सी४ १५ च्या वर. क्रिएटिनिन चार आठवड्यांत मूळ पातळीच्या जवळ. सी३ ५६ व्या दिवशी ९० च्या वर, पण १४ व्या दिवशी अजून खालीच. शेवटची अट विसरू नका, तुमचं आधीचं मॉडेल बाकी सगळ्या अटींतून सुटलं असतं.

चाळणीतून उरलेल्यांत कोणते पॅरामीटर पट्टाभर पसरलेत आणि कोणते अरुंद झालेत ते बघा. अरुंद झालेले तेवढेच तुम्हाला कळले.

---

गाळणी

चाळणीत १४ व्या दिवसाची अट नव्हती. ती घातल्यावर जुनं मॉडेल एकही रुग्ण पुढे सोडत नाही. फॅक्टर बी विरुद्धच्या अँटीबॉडीचं चल, दोन साठे आणि साखळी घालून पुन्हा लिहितो.

एक शंका. १२ आठवड्यांनंतरही सी३ खाली राहणारे काही आभासी रुग्ण निघतात. त्यांना 'चुकीचे' म्हणून टाकायचं का?

---

मिठाचा_खडा

टाकू नका, वेगळे ठेवा. खऱ्या आयुष्यातही असे असतात, आणि तेव्हा डॉक्टर पीएसजीएनचं लेबल काढून सी३ ग्लोमेरुलोपॅथी (कॉम्प्लिमेंटच्या बिघाडाने रेंगाळणारा मूत्रपिंडाचा आजार) शोधायला लागतात, बहुधा बायॉप्सी करून.

---

उणेअधिक

आणि त्यांचं अर्धायुष्य बघा. तोच तळ, तीच मूळ पातळी धरून ८४ व्या दिवशी जेमतेम ९० गाठायचे तर जादा वापराचं अर्धायुष्य ३० दिवस लागतं. आयजीजी स्वतः २१ दिवसांत निम्मी होते. म्हणजे त्या रुग्णांत अँटीबॉडी नुसती ओसरत नाहीये, कोणीतरी ती अजून बनवतंय, किंवा कॉम्प्लिमेंटच्या नियंत्रणातच (फॅक्टर एच, फॅक्टर आय) जन्मजात खोट आहे. मॉडेलमध्ये हे दोन वेगळे कप्पे करा, दोघांचे आलेख सुरुवातीला जवळपास एकमेकांवर बसू शकतील.

---

काचपट्टी

फॅक्टर एच घालताना तो प्लाझ्मात आणि ग्लोमेरुलसमध्ये वेगळा घाला. पेशींवर स्वतःचे पहारेकरी प्रथिनं असतात, बेसमेंट मेंब्रेनवर नसतात. ती सर्वस्वी फॅक्टर एचवर अवलंबून. प्लाझ्मात किंचित कमी झाला तरी मेंब्रेनवर परिणाम मोठा दिसायला हवा.

---

दशांशचिन्ह

जाता जाता एक. ४२ आणि ५६ दिवस कुठून मोजताय? उणेअधिकांचं गणित सी३ च्या तळापासून सुरू होतं, रुग्णाच्या फायलीतले आठवडे लघवी लाल झाल्यापासून मोजतात, आणि तुमचा शून्य दिवस संसर्गाचा आहे. संसर्गाचा दिवस आणि लघवी लाल झाल्याचा दिवस यांत घशाच्या रुग्णात दहा दिवसांचा फरक, कातडीच्या रुग्णात महिन्याचा. चाळणीच्या अटी लघवी बदलल्याच्या दिवसापासून लावा. तो दिवस मॉडेलमध्ये लाल पेशींच्या चलाने उंबरठा ओलांडला की सॉल्व्हरच्या 'इव्हेंट'ने पकडता येतो.

---

गाळणी

संसर्गाच्या दिवसापासूनच मोजत होतो. म्हणूनच कातडीचे सगळे बाद होत होते.